वाचकांचे प्रश्न : काळ्या आकृत्यांचे ग्रीक कुंभ

मागील अंकाच्या मुखपृष्ठावर व्हॅटिकनच्या संग्रहालयातील एका ग्रीक कुंभाचे छायाचित्र होते. तांबूस नारिंगी पृष्ठभूमीवर काळ्या रंगात उमटलेले दोन योद्धे, त्यांच्यामध्ये एक बैठा ठोकळा आणि त्यावर मांडलेला खेळ, असे ते चित्र. त्यानिमित्त आलेल्या पत्रांतील बहुतेक प्रश्न त्या एका कुंभापुरते न राहता काळ्या आकृत्यांच्या संपूर्ण शैलीकडे वळलेले आहेत, म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. एकच शंका अनेकांनी विचारली असेल तेथे ती एकत्र करून घेतली आहे.

प्रश्न : कुंभावरील काळा रंग कशाचा बनवलेला आहे? अडीच हजार वर्षांनंतरही तो इतका तुकतुकीत कसा राहिला? (नाशिक)

उत्तर : आधी हे सांगायला हवे की तो रंगच नव्हे. अथेन्सच्या कुंभारांनी काजळ, डांबर किंवा दुसरे कोणतेही काळे द्रव्य वापरलेले नाही. कुंभ ज्या मातीचा घडवला तीच माती अधिक बारीक करून त्यांनी चित्रासाठी घेतली. अथेन्स ज्या प्रदेशात आहे त्या अ‍ॅटिकाच्या मातीत लोहाचे प्रमाण भरपूर असते. ही माती भरपूर पाण्यात कालवून ठेवली की जाड कण तळाशी बसतात आणि अतिसूक्ष्म कण पाण्यातच राहतात. त्यात राखेतल्यासारखा एखादा क्षार थोडासा मिसळला, तर हे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून खाली येण्याचे टळते. वरचे गढूळ पाणी काढून घ्यायचे, पुन्हा निवळू द्यायचे, मग आटवून त्याचा दाटसर लेप करायचा. कुंभ चाकावरून उतरून अर्धवट वाळला, की या लेपाने कुंचल्याच्या साह्याने आकृत्या भरल्या जात. त्या वेळी लेप आणि कुंभ यांच्या रंगांत फरक असे तो अगदी थोडा, म्हणजे काम करताना चित्रकाराला आपले चित्र काळे दिसतच नसे. सोयीसाठी मी खाली ‘रंगवले’ असे म्हणणार आहे, पण ही वस्तुस्थिती वाचकांनी मनात ठेवावी.

काळ्या-तांबड्याचा निवाडा भट्टीत होत असे, आणि तोही एकाच भाजणीच्या तीन टप्प्यांत. पहिल्या टप्प्यात भट्टीत हवा मोकळेपणाने खेळू देत आणि तापमान सुमारे 800 अंश सेल्सिअसपर्यंत नेत. या स्थितीत मातीतील लोहाचा प्राणवायूशी संयोग होऊन कुंभाची भिंत आणि त्यावरील लेप ही दोन्ही तांबडी होतात. दुसऱ्या टप्प्यात हवेच्या वाटा बंद करून ओले लाकूड किंवा हिरवा पाला आत टाकला जाई. कोंडलेल्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड लोहाकडचा प्राणवायू ओढून घेतो आणि आतील सर्व काही, म्हणजे चित्रही आणि भोवतालची मोकळी जागाही, काळे पडते. तापमान 900 ते 950 अंशांच्या दरम्यान पोचते तेव्हा लेपातील सूक्ष्म कण अर्धवट वितळून एकजीव होतात व त्यांचा काचेसारखा अभेद्य थर तयार होतो. कुंभाच्या भिंतीतील कण जाड असल्यामुळे ती मात्र सच्छिद्रच राहते. तिसऱ्या टप्प्यात भट्टी निवू लागताच वाटा पुन्हा उघडत. आता आत शिरलेली हवा सच्छिद्र भिंतीत मुरते आणि भिंत पुन्हा तांबडी होते, पण एकजीव झालेल्या लेपात तिला शिरकाव नसल्यामुळे आकृत्या काळ्या त्या काळ्याच राहतात. हा काळेपणा मॅग्नेटाइट आणि त्याच्या जातीच्या लोहखनिजांचा आहे. तो वरून बसवलेला नसून भाजलेल्या मातीचाच भाग आहे, आणि म्हणूनच थडग्याच्या ओलीतही तो विटत नाही.

या भाजणीत क्षणाचा अंदाज चुकला तर महिन्याचे काम वाया जाई. दुसऱ्या टप्प्यात उष्णता कमी पडली तर लेप एकजीव होत नाही आणि तिसऱ्या टप्प्यात आकृत्याही तांबड्या होऊन जातात. दोन भांडी एकमेकांना टेकली तर टेकलेल्या जागी डाग राहतो. असे डाग संग्रहालयांतील नामांकित कुंभांवरही दिसतात. भट्टीतली स्थिती पाहण्यासाठी भोक पाडलेले खापराचे तुकडे आत ठेवून ते आकड्याने बाहेर ओढून तपासले जात, आणि असे तुकडे अथेन्समध्ये सापडलेले आहेत. ग्रीसमधील कॉरिंथ शहराजवळच्या पेंतेस्कूफिया येथे 1879 साली मातीच्या चित्रित फळ्यांचा मोठा साठा मिळाला. त्यांतील काहींवर घुमटाकार भट्टी, तिच्या तोंडाशी जळण सारणारा कुंभार आणि धुराची वाट सांभाळणारा दुसरा कुंभार अशी दृश्ये आहेत. परंपरेने होमरच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या काही ओळींत तर भट्टी उद्ध्वस्त करणाऱ्या पाच पिशाच्चांना नावानिशी हाक मारलेली आहे: सिंट्रिप्स, स्मारागोस, आस्बेटोस, साबाक्टेस आणि ओमोदामोस. पैसे बुडवणाऱ्या कुंभारांवर त्यांना सोडण्याची ती धमकी आहे. भांडी फुटणे, तडकणे, कच्ची राहणे या रोजच्या धास्तीला इतकी नेमकी नावे देणाऱ्या माणसाने भट्टी जवळून पाहिलेली असणार.

ही कृती पुढे पूर्णपणे विसरली गेली. ‘ग्रीक वार्निश’ म्हणून तिच्याविषयी दीर्घकाळ तर्क चालले होते. अखेर थिओडोर शूमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1942 साली बारीक मातीचा लेप आणि भाजणीतील हवेचे नियंत्रण यांवर आधारलेले स्पष्टीकरण प्रसिद्ध केले. आज जगभर जे कुंभार अशा प्रतिकृती करतात ते मुख्यतः त्याच वाटेने जातात.

प्रश्न : आकृत्यांच्या आतील केसांच्या, वस्त्रांच्या बारीक रेषा कोणत्या कुंचल्याने काढल्या आहेत? स्त्रियांची अंगे पांढरी का? (कोल्हापूर, कला महाविद्यालयातील विद्यार्थिनी)

उत्तर : त्या रेषा काढलेल्या नाहीत, कोरलेल्या आहेत. आकृतीची सलग काळी छाया आधी भरून घ्यायची आणि लेप वाळल्यावर, भाजण्यापूर्वी, धातूच्या टोकदार हत्याराने तो खरवडून खालची माती उघडी करायची, अशी ही रीत आहे. काळ्या पाटीवर पेन्सिलीची रेघ उमटावी तशी ती दिसते, फरक इतकाच की येथे रेघ खोल जाते आणि चुकली तर पुसता येत नाही. काळ्या आकृत्यांची शैली ओळखण्याची पहिली खूण हीच आहे. ज्या कुंभावर नुसती काळी छाया आहे आणि कोरीव रेषा नाही, त्याला अभ्यासक या शैलीत धरत नाहीत. भूमितीय काळातील कुंभांवरही, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकात, सपाट काळी माणसे आहेतच. बहुतेक अभ्यासकांच्या मते कोरण्याची ही कल्पना धातूवर नक्षी करणाऱ्या कारागिरांकडून आली.

रेषेच्या जोडीला दोन दुय्यम रंग होते. एक जांभळट तांबडा, जो दाढी, केस, वस्त्रांचे काठ, घोड्याची आयाळ यांसाठी वापरत; दुसरा पांढरा, जो शुद्ध पांढऱ्या मातीचा असे. स्त्रियांची कांती पांढरी आणि पुरुषांची काळी हा संकेत होता. घरात वावरणारी स्त्री आणि उन्हात राबणारा, लढणारा पुरुष असा त्यामागचा अर्थ सांगितला जातो. डोळ्यांतही भेद असे: पुरुषाचा डोळा गोल, स्त्रीचा बदामी. पांढरी माती काळ्या लेपावर चढवलेली असल्यामुळे ती घट्ट धरत नाही आणि काळाच्या ओघात झडते. त्यामुळे अनेक कुंभांवर देवींचे चेहरे नाहीसे होऊन त्या जागी नुसता काळा डाग उरला आहे, आणि अनभिज्ञ प्रेक्षक त्यांना पुरुष समजून पुढे जातात. अशा वेळी हात, पाय आणि वस्त्र पाहावे. कोठे तरी पांढऱ्याचा कण शिल्लक असतो.

प्रश्न : ही शैली अथेन्सचीच का? (लातूर)

उत्तर : नाही, ती कॉरिंथची. तेथील कुंभारांनी इ.स.पू. 700च्या सुमारास सुगंधी तेलाच्या इवल्याशा कुप्यांवर, फिकट पिवळसर मातीवर, सिंह, हरणे आणि योद्धे यांच्या रांगा कोरायला सुरुवात केली. अथेन्सने ही रीत इ.स.पू. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात उचलली. त्या काळातील एक सव्वा मीटरच्या आसपास उंचीचा कुंभ अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. त्याच्या मानेवर हेराक्लीस नेसोस नावाच्या नराश्वाला मारत आहे आणि पोटावर गॉर्गन या राक्षसी बहिणी धावत आहेत. तो थडग्यावर खूण म्हणून उभा केलेला होता. सहाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अथेन्सने कॉरिंथची बाजारपेठ जवळजवळ गिळून टाकली.

अथेन्सने या शैलीला कथा सांगायला शिकवले, याचा सर्वांत दणदणीत पुरावा म्हणजे फ्लॉरेन्समधील ‘फ्रान्स्वा कुंभ’. तो इ.स.पू. 570च्या सुमाराचा, घडवणारा एर्गोटिमोस आणि रंगवणारा क्लेइटिआस, दोघांचीही नावे त्यावर आहेत. जेमतेम 66 सेंटिमीटर उंचीच्या या पात्रावर सुमारे 270 आकृत्या असून शंभराहून अधिक लेख आहेत. माणसे, देव, घोडे यांच्याबरोबर पाण्याचा हौद आणि बसायचे आसन यांनाही नावाच्या चिठ्ठ्या लावलेल्या आहेत. अलेस्सांद्रो फ्रान्स्वा याने 1844-45 मध्ये इटलीतील किऊसीजवळच्या थडग्यांतून तो तुकड्यांच्या रूपात मिळवला. जोडून संग्रहालयात ठेवल्यावर 1900 साली एका रखवालदाराने रागाच्या भरात त्यावर स्टूल फेकले आणि त्याचे 638 तुकडे झाले. आज दिसतो तो कुंभ अनेकवार सांधलेला आहे.

प्रश्न : मुखपृष्ठावरील दोन योद्धे कोण? त्यांच्या तोंडाजवळ काही अक्षरे आहेत, ती काय सांगतात? (ठाणे, पुणे आणि इंदूर येथील वाचक)

उत्तर : डावीकडे अकिलीस, उजवीकडे एजॅक्स. ट्रॉयच्या वेढ्यातील ग्रीकांचे हे दोन सर्वांत मोठे वीर फुरसतीच्या वेळी पटावर खेळत बसले आहेत. हा प्रसंग होमरच्या काव्यात नाही. चित्रकार एक्सेकिआस याने तो एखाद्या आज हरवलेल्या आख्यानातून घेतला की स्वतः रचला, यावर मतभेद आहेत. पण त्याच्यानंतर हा विषय इतका लोकप्रिय झाला की त्यावर दीडशेहून अधिक कुंभ रंगवले गेले. एक्सेकिआसचा कुंभ इ.स.पू. 540 ते 530 या दशकातील, उंची सुमारे 61 सेंटिमीटर. तो इटलीतील व्हल्ची येथे सापडला.

अकिलीसच्या तोंडून निघालेला शब्द ‘तेसारा’, म्हणजे चार. एजॅक्सच्या तोंडून ‘त्रिआ’, म्हणजे तीन. डाव अकिलीसच्या बाजूने चालला आहे. त्याने शिरस्त्राण घातलेले आहे, एजॅक्सचे शिरस्त्राण मागे ढालीवर ठेवलेले आहे, त्यामुळे डावीकडची आकृती आपसूक उंच आणि वरचढ वाटते. दोघांनीही भाले हातातून सोडलेले नाहीत. खांद्यावरून तिरप्या उतरणाऱ्या त्या भाल्यांच्या रेषा पाहणाऱ्याची नजर थेट पटाकडे घेऊन जातात. वाकलेल्या पाठी कुंभाच्या फुगीर पोटाला समांतर जातात, आणि मागे टेकवलेल्या ढाली कुंभ धरण्याच्या कानांखालची जागा भरून काढतात. एखादे चित्र कागदावर काढून मग कुंभावर चिकटवले असते तर असे झाले नसते. अंगरख्यांवरील कोरीव नक्षी डोळ्यांजवळ धरून पाहावी अशी आहे: तारे, चौकटी, वेलांच्या पट्ट्या, आणि हे सर्व ज्याची चूक दुरुस्त होत नाही अशा हत्याराने.

कथा जाणणाऱ्या ग्रीक प्रेक्षकाला त्या दोन आकड्यांत पुढचे सर्व ऐकू येत असणार. अकिलीस ट्रॉयसमोर मारला जाईल आणि त्याचे शव रणातून खांद्यावर वाहून आणणारा एजॅक्सच असेल. मग अकिलीसची शस्त्रे आपल्याला न मिळता ओडिसियसला मिळाली म्हणून अपमानित झालेला एजॅक्स स्वतःच्या तलवारीवर पडून प्राण देईल. एक्सेकिआसने तो प्रसंगही रंगवला, आणि तेथेही त्याने मृत्यू दाखवला नाही: फ्रान्समधील बूलोन्य-सूर-मेर येथील कुंभावर एजॅक्स एकटा, गुडघ्यांवर वाकून, तलवारीची मूठ मातीत रोवत आहे, आणि त्याच्या कपाळावर कोरलेल्या दोन-तीन आठ्या एवढीच काय ती भावनेची खूण आहे. इतर चित्रकार रक्त दाखवत होते तेव्हा हा माणूस एक क्षण आधी थांबला. काळ्या आकृतीत चेहऱ्यावर भाव आणणे फार कठीण, आणि मला वाटते ही अडचणच त्याच्या कामी आली; त्याने भाव चेहऱ्यावरून काढून देहाच्या बाकात आणि आकृत्यांमधल्या रिकाम्या जागेत ठेवला.

मुखपृष्ठावरील कुंभाच्या ओठावर ‘एक्सेकिआसने मला रंगवले आणि घडवले’ असा लेख आहे, म्हणजे कुंभार आणि चित्रकार एकच. हे नेहमीचे नव्हते. पुष्कळदा घडवणारा वेगळा आणि रंगवणारा वेगळा असे. छायाचित्रात न आलेल्या दुसऱ्या बाजूवर कास्टोर आणि पोलिड्युकीस हे जुळे भाऊ घरी परतलेले आहेत, त्यांची आई लेडा फूल पुढे करते आहे आणि कुत्रा अंगावर उडी घेतो आहे. ती बाजू सहसा छापली जात नाही, हे तिचे दुर्दैव.

प्रश्न : ज्या कुंभांवर सही नाही त्यांचे चित्रकार कसे ओळखतात? (सोलापूर)

उत्तर : कानावरून, गुडघ्यावरून, घोट्यावरून. चेहऱ्याची ठेवण आणि विषय यांची नक्कल शिष्य सहज करतो, परंतु कानाची पाळी किंवा गुडघ्याची वाटी प्रत्येकाच्या हातून सवयीने ठरावीक पद्धतीनेच उतरते, या तत्त्वावर ऑक्सफर्डचे जॉन बीझली (1885–1970) यांनी हजारो कुंभांची हातांनुसार विभागणी केली. अथेन्सच्या काळ्या आकृत्यांच्या चित्रकारांची त्यांची मोठी सूची 1956 साली निघाली आणि आजही तिच्यावाचून या क्षेत्रात पान हलत नाही. खरे नाव माहीत नसलेल्या चित्रकारांना मग टोपणनावे द्यावी लागली. नेसोसचा वध रंगवणारा तो ‘नेसोस चित्रकार’. अमासिस नावाच्या कुंभाराची भांडी रंगवणारा तो ‘अमासिस चित्रकार’. आणि ज्याच्या आकृत्या कोपरे काढूनच वावरतात त्याचे नाव चक्क ‘कोपरे बाहेर’. प्रत्यक्ष सही करणाऱ्यांत लिडोस हे नाव लक्षवेधक आहे, कारण त्याचा अर्थ ‘लिडियाचा माणूस’ असा होतो. लिडिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा पश्चिम भाग. अथेन्सच्या कुंभारवाड्यात, म्हणजे केरामेइकोस वस्तीत, परक्या मुलखांतील कारागीर होते हे अशा नावांवरून दिसते.

बीझलींच्या पद्धतीवर आक्षेपही आहेत. चित्रकाराच्या हातावर सगळे लक्ष गेल्यामुळे भांडे कशासाठी होते, कोणी विकत घेतले आणि कोणत्या थडग्यात कोणत्या वस्तूंसोबत ठेवले, हे प्रश्न बराच काळ मागे पडले. हा आक्षेप मला योग्य वाटतो, मात्र सूची हाताशी असल्यामुळेच तो घेता येतो हेही खरे.

प्रश्न : कुंभ अथेन्सचे, मग ते इटलीत इतके कसे सापडतात? (पुणे)

उत्तर : मध्य इटलीतील एट्रुस्कन लोक त्यांचे मोठे गिऱ्हाईक होते. त्यांच्यातील श्रीमंत कुटुंबे खडकात खोदलेल्या दालनांत आपले मृत ठेवत आणि सोबत मेजवानीची भांडी मांडत. दालन बंद राहिल्यामुळे भांडी अखंड राहिली. अथेन्समध्ये मात्र रोजच्या वापरात ती फुटून खापऱ्या झाल्या. व्हल्ची परिसरात 1828 पासून जोरात खणणे सुरू झाले आणि तेथील जमिनीचा एक मालक, नेपोलियनचा भाऊ ल्युसियाँ बोनापार्ट, याच्या हाती अल्पावधीत हजारो भांडी आली. युरोपातील अनेक मोठ्या संग्रहांचा पाया या खणण्यातून घातला गेला, पण कोणते भांडे कोणत्या थडग्यातून निघाले याची नोंद बहुतांशी कोणी ठेवली नाही.

त्याआधी ही भांडी एट्रुस्कनच आहेत असाच समज होता. जोसाया वेजवुड या इंग्रज कारखानदाराने 1769 साली आपल्या नव्या कारखान्याला ‘एट्रुरिया’ हे नाव दिले ते याच समजातून. त्यांवरील अक्षरे ग्रीक आहेत, आणि तीही अथेन्सच्या वळणाची, हे ध्यानात आल्यावर हा समज मागे पडला. अथेन्सचे व्यापारी गिऱ्हाइकाची आवडही सांभाळत: निकोस्थेनीस या कुंभाराने एट्रुस्कन काळ्या भांड्यांचा रुंद पट्टीच्या कानांचा घाट उचलून तशी भांडी खास तिकडे पाठवली, आणि शंभराहून अधिक भांड्यांवर त्याची सही मिळते. जाहिरातीचे मर्म त्याला कळलेले होते.

प्रश्न : आमच्याकडे विदर्भात महापाषाणीय दफनांतून काळी-तांबडी भांडी मिळतात. त्यांचा या ग्रीक कुंभांशी संबंध आहे का? (नागपूर)

उत्तर : संबंध नाही, पण मूळ रसायन एकच आहे. माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा येथील दफनांतून मिळालेली, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील ही भांडी आतून आणि काठाशी काळी, बाहेरून तांबडी असतात. भांडे पालथे घालून भाजले की आतल्या व काठाच्या भागाला हवा मिळत नाही, तो काळा राहतो, आणि बाहेरच्या भागाला हवा मिळून तो तांबडा होतो, असा त्याचा सर्वसाधारण उलगडा केला जातो. येथे काळ्या-तांबड्याची सीमा भांडे कसे ठेवले यावर ठरते. अथेन्सच्या कुंभाराने ती सीमा कुंचल्याने हवी तेथे आखली. तुलनाच करायची तर गंगेच्या खोऱ्यातील उत्तरेकडील काळी झिलईदार भांडी अधिक जवळची आहेत, कारण त्यांतही अतिसूक्ष्म मातीचा लेप आणि धूर कोंडून केलेली भाजणी यांचा उपयोग झालेला दिसतो. ग्रीकांकडून हे ज्ञान इकडे आले किंवा इकडून तिकडे गेले, असे मानायला आधार नाही.

प्रश्न : पुढे तांबड्या आकृत्यांची शैली आली आणि काळी मागे पडली. म्हणजे काळी शैली ही कच्ची पायरी होती असे समजावे का? (बंगळूर)

उत्तर : अनेक पुस्तकांतून असा सूर निघतो आणि तो मला मान्य नाही. इ.स.पू. 530 ते 520च्या दरम्यान अथेन्समध्ये कोणीतरी, बहुधा ‘आंडोकिडीस चित्रकार’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्याने, सगळा खेळ उलटवला: पृष्ठभूमी लेपाने काळी भरली आणि आकृती मातीच्या रंगाची मोकळी सोडली. आता आतील रेषा कोरण्याऐवजी कुंचल्याने ओढता येऊ लागल्या. रेष जाड, बारीक, गडद, फिकट करता आली. वळलेली पाठ, आखडलेला पाय, तिरपा चेहरा साधता आला. भाजणी मात्र तीच राहिली, माती आणि लेपही तेच. या बदलाच्या काळात काही कुंभ एका बाजूने काळ्या आणि दुसऱ्या बाजूने तांबड्या आकृत्यांचे केले गेले. बॉस्टनच्या संग्रहालयात असा एक कुंभ आहे ज्याच्या दोन्ही बाजूंवर अकिलीस आणि एजॅक्स यांचा तोच डाव आहे. दोन्ही बाजू शेजारी ठेवून पाहिल्या की तांबड्या बाजूचे वीर मांसल आणि मोकळे वाटतात, काळ्या बाजूचे मात्र अधिक ठाम. शरीररचनेचा अभ्यास हीच कसोटी लावली तर तांबडी शैली पुढे आहे यात वाद नाही. पण कुंभाच्या वक्र भिंतीवर आकृतीची कड उठून दिसणे, तिचे वजन जाणवणे आणि चित्र भांड्याच्या घाटाशी बांधलेले राहणे या कसोट्या लावल्या, तर एक्सेकिआसच्या पुढे जाणारा तांबड्या आकृत्यांचा चित्रकार मला दाखवता येणार नाही. म्युनिकमधील त्याचा मद्याचा पेला घ्या: आतील पोवळी रंगाच्या गोलात मद्याचा देव डायोनिसस नावेत पहुडलेला, डोलकाठीला वेल चढून वर सात घोस लगडलेले आणि भोवती सात डॉल्फिन. वर-खाली नसलेल्या गोल जागेत तरंगण्याचा भास त्याने केवळ काळ्या छायांच्या मांडणीने निर्माण केला आहे.

शिवाय काळी शैली एका रात्रीत गेली नाही. इ.स.पू. 490 मध्ये मॅरेथॉनच्या लढाईत पडलेल्या 192 अथेन्सवासीयांच्या समाधीटेकाडात जी तेलाची भांडी सापडली, त्यांत काळ्या आकृत्यांची भांडी आहेत, आणि तोवर तांबडी शैली निघून तीन दशके उलटली होती. ही उशिराची भांडी घाईने रंगवलेली आहेत, हे मान्य करायला हवे.

एका ठिकाणी तर तिला पर्यायच नव्हता. अथेना देवीच्या पानाथेनाइक उत्सवातील स्पर्धांत विजेत्याला पवित्र ऑलिव्ह वृक्षांचे तेल बक्षीस मिळे आणि ते ज्या मोठ्या कुंभांतून दिले जाई ते काळ्या आकृत्यांचेच असत. एका बाजूला सशस्त्र अथेना आणि ‘अथेन्सच्या स्पर्धांतून’ असा लेख, दुसऱ्या बाजूला त्या त्या स्पर्धेचे दृश्य, हा ठरलेला मेळ. एका कुंभात साधारण 36 ते 40 लिटर तेल मावे. इ.स.पू. चौथ्या शतकातील एका शिलालेखात घोड्यांच्या जोडीच्या रथशर्यतीसाठी 140 कुंभांचे बक्षीस नोंदलेले आहे. उत्सवाची मोठी पुनर्रचना इ.स.पू. 566ची मानली जाते, आणि काळ्या शैलीतील हे कुंभ त्यानंतर कित्येक शतके होत राहिले. चौथ्या शतकात त्यांवर त्या वर्षीच्या मुख्य अधिकाऱ्याचे नाव लिहू लागले, त्यामुळे त्यांची वर्षे नेमकी ठरवता येतात आणि इतर भांड्यांचा काळ लावण्यासाठी त्यांचा आधार मिळतो. उत्सवाचा कुंभ जुन्या रिवाजाचाच हवा हा आग्रह समजण्यासारखा आहे.

प्रश्न : अथेन्सच्या सहलीत मी काळ्या आकृत्यांचा एक लहान कुंभ विकत घेतला. तो जुना आहे की नवा हे घरी कसे ओळखावे? (दुबई)

उत्तर : दुकानातून पावतीसह उघडपणे मिळाला असेल तर तो नवाच आहे. ग्रीसमधून पुरावस्तू परवान्याशिवाय बाहेर नेण्यास कायद्याने बंदी आहे आणि प्रवाशांच्या बाजारात विकल्या जातात त्या प्रतिकृती. त्यांतही दोन जाती असतात. स्वस्त जातीत तयार लाल भांड्यावर नेहमीचा काळा रंग लावून रेषा खरवडलेल्या किंवा चक्क छापलेल्या असतात. हा रंग नखाने किंवा ओल्या कापडाने घासल्यास सुटण्याचा संभव असतो आणि त्याची चकाकी सर्वत्र सारखी असते. दुसऱ्या जातीत लेप लावून तीन टप्प्यांची भाजणी खरोखर केलेली असते. तिची झिलई प्रकाशात धरली की किंचित करडी, कोठे हिरवट अशी बदलते आणि कोरलेल्या रेषेच्या तळाशी भाजलेली तांबडी माती दिसते. अशा प्रतिकृती महाग असतात, पण ती कला पाहण्यासाठी त्या उत्तम. एखादे भांडे वारशात मिळाले असेल आणि ते जुने असल्याची शंका असेल, तर ते घासू नये, धुऊ नये, आणि संग्रहालयातील तज्ज्ञांना दाखवावे. शेवटची भाजणी केव्हा झाली हे सांगणारी उष्मादीप्ती चाचणी प्रयोगशाळेत करता येते आणि तिच्यासाठी तळातून काढलेला चिमूटभर चुरा पुरतो.